डावा कान थोरल्याचा

मामा माणसाचं तोंड बघायच्या आधी मेंढराचा कान बघायचे. दवाखान्यापुढं कळप थांबला, की मेंढक्याच्या तोंडून राम राम निघेपर्यंत मामा कळपात शिरलेले. वाकायचं, एकेक डावा कान उचलायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा आणि सोडून द्यायचा. वीस-पंचवीस कान झाले की कंबर धरून उभे राहायचे आणि मग कुठं विचारायचे, "कोन्या गावचे म्हनायचे?"

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी मामांवर बऱ्याचदा ओरडणार आहे. हिंगोलीहून वाशीमकडं जाताना कनेरगाव नाक्याच्या अलीकडं आमचा जनावरांचा दवाखाना. मी तिथं पशुधन पर्यवेक्षक म्हणून रुजू झाले तेव्हा मामा तिथले जुने परिचर होते. परिचर म्हणजे झाडू मारण्यापासून बैल आडवा पाडण्यापर्यंत सगळं. ऑफिसातल्या वयस्कर शिपायाला आपल्याकडं मामाच म्हणतात, तसं मीही म्हणायचे. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर. खाकी शर्टावर भर उन्हाळ्यातसुद्धा घोंगडं, आणि खिशात मोबाइल.

त्या मोबाइलची गंमत मला दुसऱ्याच महिन्यात कळली. लशीच्या बाटलीवरचा नंबर त्यात टिपला होता, तो शोधायला मी फोन हातात घेतला. फोटो उघडले तर कान. पांढरे, काळे, तांबडे, केसाळ, फाटके, गोचीड लागलेले. बोटानं सरकवत गेले, सरकवत गेले, पण कान संपेनात. बायको नाही, लेकरू नाही, लग्नातला एखादा फोटो नाही, देव नाही. मी विचारलं, मामा, घरच्यांचा एकही फोटो नाही का हो? तर म्हणाले, "घरचे रोजच दिसतेत की म्याडम."

लसीकरणाच्या दिवशी तर डोकंच उठायचं. तीनशे मेंढरं उन्हात धापा टाकतायत, बर्फाच्या डब्यात बर्फ वितळून राहिलाय, आणि मामा एकेक कान फोनच्या तोंडाला लावून उभे. मी ओरडायचे की लस कानात द्यायची नसते. ते मुळीच रागवायचे नाहीत. "बराबर हाय. पण आधी कान."

हे 'आधी कान' त्यांचं सगळीकडंच होतं. साहेब तपासणीला आले आणि दारात शेळी बांधलेली दिसली, तरी आधी कान. नरसीला दर्शनाला गेले तर रस्त्याकडेला कळप बसलेला बघून आधी कान, मग नामदेव. भाचीसाठी स्थळ बघायला कळमनुरीकडं एका गावी गेले, आणि पाहुण्यांच्या घरात न जाता थेट मेंढरांच्या कुंपणात घुसले. नवऱ्या मुलाच्या आईला वाटलं, खाटीक आलाय. तिनं आतूनच सांगितलं, आम्हाला विकायची न्हाईत. सोयरीक जमली, पण लग्नभर त्या विहिणी मामांना खाटीकमामाच म्हणत होत्या.

मला हे सगळं वेड वाटायचं. खरं सांगायचं तर एकदा मी साहेबांकडं तक्रारीचा कागदही लिहिला होता. दिला नाही, एवढंच.

एकदा पावसामुळं कोणी आलं नाही, तेव्हा डबा खाता खाता त्यांनी सांगितलं. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. भावकीची सात घरं, एकाच गावात. भावकीची खूण ठरलेली. कानाचं टोक सरळ उडवायचं आणि खालच्या कडेला एकमेकींजवळ दोन खाचा. ही खूण डाव्या कानाला. भाऊ वेगळे झाले, कळपाची वाटणी झाली, तर थोरल्यानं डावा कान ठेवायचा आणि धाकट्यानं तीच खूण उजव्यावर घ्यायची, म्हणजे दोन कळप रानात मिसळले तरी भांडण नको. दिवाळीच्या पाडव्याला नव्या कोकरांचे कान कापायचे. कातर देवापुढं ठेवलेली असते, ती ज्याची त्यानं उचलायची आणि आपल्या कोकराचा कान आपल्या हातानं कापायचा.

"सहा घरं कापतेत," मामा म्हणाले. "आमचं घर न्हाई. आमचं कोकरू आमी धरायचं, आन् डावा कान थोरल्या घरच्यानं कापायचा."

कारण त्यांचा पणजा. तेव्हा हिंगोलीला छावणी होती. पलटण निजामाची, हुकूम गोऱ्या साहेबांचा, आणि साहेबांना रोज मटण लागायचं. पणजा छावणीत मेंढरं पोचवायचा. एक दिवस तो कळप घेऊन छावणीकडं निघाला आणि परत आला नाही. मागं बायको आणि रांगतं लेकरू. ते लेकरू म्हणजे मामांचा आजा. भावकी सांगत आली की वाटणी झालीच नव्हती, थोरल्या भावाची मेंढरं घेऊन तो पळाला. चोराच्या घरानं कातरीला हात लावायचा नाही. आज्यानं कोकरं धरली, मग मामांचा बाप धरू लागला. तो आता नव्वदीला टेकलेला, कानानं ठार बहिरा, तरी दर पाडव्याला उकिडवा बसून कोकरं धरायचा.

"बा म्हनतो, मरायच्या आधी एक कान कापायचाय. एकच." मामांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मला ठावं हाय, पणजा चोर न्हाई. पन माझ्या ठावं असण्याला कोन इचारतंय? मेंढरं कुठं गेली ते दावलं पायजे. मेंढरं मरतेत म्याडम, खूण मरत न्हाई. कुठंतरी कोन्या कळपात आसंलच."

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला हा गडी मेंढराच्या कानात शोधत होता. मी हसले नाही, पण मनात म्हटलं, मामा, अवघड आहे.

त्यांनी कागद शोधले नव्हते असं नाही. अलीकडं निजामाच्या काळातल्या नोंदी काढायला तहसिलीत लोकांची रांग लागलेली असायची, त्या रांगेत मामा रजा टाकून उभे राहिले होते. जुने कागद उर्दूत आणि मोडीत. एका निवृत्त उर्दू मास्तरांना गूळ-शेंगदाणे खाऊ घालून त्यांच्याकडून वाचून घेतले. जमीन असलेल्या सगळ्यांची नावं निघाली. पणज्याला जमीनच नव्हती. "मेंढराचा सातबारा नसतो," एवढं म्हणून त्यांनी तो नाद सोडला आणि परत कानाला लागले. शाळेच्या वहीत पहिल्या पानावर घरची खूण, मग प्रत्येक पानावर एका कानाचं चित्र काढायचे, खाली गाव, मेंढक्याचं नाव आणि खूण. अशा अकरा वह्या मी स्वतः मोजल्यात. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, म्हणजे रोज दारात चालून येणारे कळप दोनच वर्षं. तिकडं बा दर पाडव्याला आणखी वाळत होता.

त्या वर्षी कानाला पिवळे टॅग मारायचा हुकूम होता. मामा आणि मी रोज भांडत होतो, कारण टॅग खुणेवर मारलेला त्यांना चालायचा नाही. "सरकारचा कान आन् घराचा कान एकच हाय, जरा सरकून मारा." मी म्हणायचे, मामा, तुम्ही मारा नाहीतर मला मारू द्या. एका दुपारी पैनगंगेपलीकडचा एक कळप आला. दर वर्षी त्याच दिवसांत नाक्यावरून खाली उतरणारी ही माणसं. मामांनी नेहमीप्रमाणं चार डावे कान उचलले आणि तोंड पाडून औषधाची बादली ढवळायला गेले.

माझ्यापुढं जी मेंढी आणली तिच्या डाव्या कानात जखम होती, अळ्या पडलेल्या. तिथं टॅग मारता येईना. म्हणून उजवा कान धरला आणि माझा हात थांबला. टोक सरळ उडवलेलं. खालच्या कडेला दोन खाचा, जवळजवळ. दोन वर्षं मी ती खूण वहीत बघत होते, झोपेतसुद्धा ओळखली असती.

"मामा," मी हाक मारली, "हा कान बघा."

ते आले, बघितलं आणि म्हणाले, "हा उजवा हाय."

"उजवाच आहे. खूण बघा."

त्यांनी अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग दुसऱ्या मेंढीचा उजवा कान, मग तिसरीचा. मग तिथंच शेणात खाली बसले. मी आत जाऊन वह्या काढल्या. त्या मेंढक्याचं नाव तीन वह्यांत होतं. तीन वर्षं हाच कळप मामांच्या हाताखालून गेला होता, आणि तिन्ही ठिकाणी मामांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'डावा कोरा.'

मला रडू यायचं तर राग आला. मी म्हटलं, अहो, धाकटा उजवा कान घेतो हे तुम्हीच मला सांगितलंत ना, मग उजवा बघितला का नाही? ते म्हणाले, "उजवा वाटणी झालेल्याचा असतोय. पणज्याची वाटणी झालीच न्हवती म्हनतेत ना."

कोण म्हणतं? भावकी म्हणते. म्हणजे बघा, भावकीला खोटं पाडायला हा माणूस एवढी वर्षं रानोमाळ हिंडला, आणि हिंडताना भावकीचाच शब्द खरा धरून हिंडला. पणजा चोर नाही हे छाती ठोकून सांगणारे मामा, पण त्याचा कान मात्र चोराच्याच जागी शोधत होते. हे त्यांना त्या शेणात बसल्या बसल्या कळलं, आणि मला त्यांच्या चेहऱ्याकडं बघवेना.

मेंढक्याला विचारलं तर तो म्हणाला, आमच्या घराला तिकडं मोगलाईवाले म्हणतात, का ते म्हातारीला माहीत. निजामाच्या मुलखाला मोगलाई म्हणायचे, हे नाक्यावर कुणाला सांगावं लागत नाही. नदीच्या अलीकडं मोगलाई, पलीकडं इंग्रजी वऱ्हाड.

रविवारी आम्ही पलीकडं गेलो. मी का गेले? कुणी बोलावलं नव्हतं. पण तो कान मी धरला होता, मला राहवलं नसतं. त्या घरची म्हातारी दोरी वळत बसलेली. तिनं सांगितलं ते असं. तिचा आजेसासरा छावणीच्या मटणाची मेंढरं हाकत होता. पलटण हलली तसा तो वाटणीची आपली मेंढरं घेऊन तिच्यामागं गेला, आणि फिरत फिरत नदीपलीकडं याच गावात थांबला. तिथं लग्न केलं, तीन पोरं झाली, म्हातारा होऊन मेला. मामांनी विचारलं, परत काहून न्हाई गेला? अलीकडं बायको होती, लेकरू होतं.

"ते कोनाले ठाव बापा," ती म्हणाली. "त्याईनं कधी सांगतलं न्हाई. एकच गोठ सांगून ठेवली. डाव्या कानाले कातर नोको लावू, तो थोरल्याचा हाय. आमी अजून कोकरू धरलं का पयले डाव्या कानावरून हात फिरवतो, थोरल्याले इचारल्यावानी. मंग उजवा कापतो."

 पुढचे चार दिवस कळप आले, मामांनी कान उचलले नाहीत. मला वाटलं होतं ते नाचतील. चोर नव्हता, हे तर सिद्ध झालं. स्वतःची वाटणी घेऊन गेला आणि मरेपर्यंत भावाच्या कानाला हात लावला नाही. पण एका बाईला आणि तिच्या रांगत्या लेकराला तो नदीएवढ्या अंतरावर सोडून पलीकडं तीन लेकरं खेळवत बसला. चालत एका दिवसाची वाट. मामांचा आजा त्या वाटेकडं डोळे लावून म्हातारा झाला असणार, हे मामांच्या मनातून जाईना. मला विचाराल तर मला त्या पणज्याचा संताप आला. अजून येतो.

मी म्हटलं, मामा, भावकीला खुणेचं तेवढं सांगा. दुसऱ्या लग्नाचं कशाला? लोक म्हणतील, बघा, पळाला तो पळालाच.

"अर्धं सांगितलं तर मीच चोर झालो म्याडम," ते म्हणाले. "पुरं सांगतो. मंग त्यायला काय करायचं ते करू द्या."

पाडव्याला त्यांनी मला बोलावलं. गावाबाहेर माळावर सात घरांचे कळप, शिंगांना गेरू लावलेला, मध्ये दगडाच्या देवापुढं कातर. थोरल्या घरचे काका घोंगड्यावर बसलेले, मामांच्या बापापेक्षा थोडे लहान. मामांचा बा आपल्या जागी उकिडवा, मांडीत कोकरू धरून तयार, जसा दर वर्षी. काय चाललंय ते त्याला ऐकू येत नव्हतं.

मामा उभे राहिले. छावणी, पलटण, नदी, दुसरी बायको, तीन पोरं, सगळं सांगितलं, मोबाइलमधला उजव्या कानाचा फोटोही दाखवला. आवाज एकदाही चढला नाही. "चोर न्हवता. पन बायकोलेकराला टाकून गेला. दोन्ही खरं हाय. माझ्या घरानं दुसऱ्या गोष्टीची शिक्षा भोगली आसंल तर भोगली. पहिलीची भोगायची न्हाई आता."

थोरल्या घरचा एक तरुण म्हणाला, उजवा कान कुणीही कापील, त्यानं काय होतं? आणि मोबाइलमधल्या फोटोचं काय खरं? तेवढ्यात पलीकडची म्हातारी उठली. मामांनी तिला आणि तिच्या नातवाला जीपमधून आणलं होतं, सोबत एक मेंढी. मेंढी काकांपुढं उभी केली. काकांनी आधी डावा कान हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला, अगदी मामा फिरवायचे तसा. कोरा. मग उजवा. तिथं अंगठा दोन खाचांवर थांबला आणि तिथंच राहिला. म्हातारीनं डाव्या कानावरून हात फिरवायची गोष्ट सांगितली. काका ऐकत होते, कान त्यांच्या हातातच होता.

"चोरानं डावा कापला असता," काका शेवटी म्हणाले. "डावा सोडला म्हनजी वाटणी झाली व्हती. आमच्याच घरानं झाकून ठेवली." मग तरुणाकडं न बघता म्हणाले, "कातर दे त्याला."

मामांनी कातर घेतली. मला वाटलं, आता हे कापतील. त्यांच्या आयुष्याचं काम होतं ते. त्यांनी ती बापाच्या हातात दिली. बा गोंधळला. त्याला वाटलं, धरायला दिलीय, थोरल्या घरच्याला द्यायची आहे. तो ती काकांपुढं करू लागला. काकांनी हात मागं घेतला आणि बोटानं त्याच्याकडं खूण केली, तू.

बा कातरीकडं बघत राहिला. मग त्यानं मांडीतल्या कोकराचा डावा कान पुढं केला, दर पाडव्याच्या सवयीनं. मामा खाली बसले, बापाचा हात धरला, डाव्या कानावरून एकदा फिरवला आणि कोकरू वळवून उजवा कान त्याच्या हातात दिला. टोक वाकडंच उडालं. खाचा दोन पाहिजेत, एक खोल गेली आणि दुसरी नुसती टेकली. कोकरू ओरडलं. एक गडी हळद घेऊन धावला. मी पशुधन पर्यवेक्षक आहे, असा कान कापलेला मला एरवी कधी चालला नसता. मी पदरानं डोळे पुसत उभी होते.

मामा दुसऱ्या वर्षी निवृत्त झाले. बा त्याच्या आधीच गेला, पुढचा पाडवा त्यानं बघितला नाही. अजून कळप आला की मी आधी मेंढराचे दोन्ही कान उचलते, मग माणसाला विचारते. नवीन परिचर हसतो, मी त्याच्यावर ओरडते.

त्या पाडव्याच्या संध्याकाळी मामांनी मला मोबाइलवर एक फोटो पाठवला होता. मी तो उघडताना म्हटलं, आला परत एक कान. फोटोत त्यांचा बा होता. कातर मुठीत धरून, तोंड उघडं, एकही दात नाही, आणि असा हसत होता की कोकरू अर्धं फोटोबाहेर गेलेलं मामांच्या लक्षातच आलं नव्हतं. कान त्यात दिसत नव्हता.